दानाची जमीन कोणाची?

जिनालयासाठी वा धर्मशाळेसाठी दिलेली जमीन दात्याची राहत नाही, हे सर्वमान्य आहे. वाद उद्भवतो तो कागदपत्रांच्या अभावी. सदाशिव पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्याच्या चौकात कुटुंबाने देवालय उभारावे, शेजाऱ्यांनी दर्शनास यावे आणि तिसऱ्या पिढीने ते खाजगी की सार्वजनिक असे विचारावे, हा क्रम परिचित आहे.

मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने ही चौकशी धर्मादाय यंत्रणेकडे सोपविली व कलम ३६ अन्वये पूर्वमंजुरीविना स्थावराच्या विक्रीस प्रतिबंध केला. जैन देरासराचे वहिवटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्यास आव्हान दिले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने नियमन मान्य केले. मात्र समाजाच्या हातून व्यवस्थापन काढून घेणे अमान्य ठरविले.

पुण्यातच, मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद दिगंबर जैन बोर्डिंगच्या जमिनीच्या विक्रीस मंजुरी मिळाली होती. आवारात जिनमंदिर असल्याने समाजाने तीव्र विरोध केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मंजुरी रद्द झाली.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात दानपत्र, मिळकत पत्रिका व परिशिष्ट एकचा उतारा परस्परांशी ताडून पाहावा. विश्वस्त हा समाजाचा मुनीम आहे. हिशेब पुढील पिढीस द्यावयाचा आहे.