आकडा लहान, काम मोठे : ‘अपाचे कॅमल’ची आवृत्ती बदलताना

दमणगंगेच्या काठी, सिल्वासाजवळ वसलेल्या राखोलीच्या औद्योगिक पट्ट्यातून निघालेला मालवाहू ट्रक थोड्याच अंतरावर राज्याची हद्द ओलांडतो. दादरा आणि नगर हवेलीचा प्रदेश गुजरात व महाराष्ट्र यांच्यामध्ये इतका आटोपशीर बसला आहे की, मुंबईकडे जाणारा वा बंदरावर पोहोचणारा माल परराज्यातूनच न्यावा लागतो. माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक असलेल्या व्यावसायिकांना, काही सवलतप्राप्त वर्ग वगळता, व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहारांसाठी आणि निर्यातीसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. सरकारी पोर्टलकडून ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळाल्याविना असे बिल वैध ठरत नाही. गोव्यातील वेर्णा किंवा कुंडई येथील कारखानदारांनाही हीच शिस्त लागू आहे.

या व्यवहारात वजनकाट्याचा आकडा, गोदामाची नोंद, हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटी पोर्टल आणि बँक या साऱ्यांना एकमेकांशी बोलावे लागते. प्रत्येकाची भाषा निराळी असते. त्यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी जावा या संगणकभाषेत ज्या चौकटी उपलब्ध आहेत, त्यांत ‘अपाचे कॅमल’ हे ठळक नाव. हा दुभाषी पडद्याआड असतो आणि त्याचे अस्तित्व तो थांबल्यावरच जाणवते. म्हणूनच त्याची आवृत्ती बदलण्याचे काम ‘किरकोळ’ समजून उरकण्याचा मोह महागात पडू शकतो.

कॅमल म्हणजे काय?

ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांचे ‘एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स’ हे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या संगणक प्रणाली संदेशांच्या आधारे जोडताना वारंवार उद्भवणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील ६५ उपायरचना त्यात मांडल्या आहेत. या रचना जावामध्ये थेट वापरता याव्यात, या हेतूने २००७ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली कॅमलचा आरंभ झाला. ते मुक्तस्रोत असून विनामूल्य मिळते.

कॅमलमध्ये संदेशाच्या प्रवासाला ‘रूट’ म्हणतात. अमुक फोल्डरमध्ये फाइल आली की ती वाचावी, तिचे रूपांतर करावे, तमुक पत्त्यावर पाठवावी आणि उत्तर आले की डेटाबेसमध्ये नोंदवावे, अशी ही साखळी असते. फाइल, डेटाबेस, ई-मेल, संदेशरांगा, वेब सेवा अशा प्रत्येक टोकासाठी स्वतंत्र ‘कंपोनंट’ असतो आणि त्यांची संख्या तीनशेहून अधिक आहे. यातच कॅमलचे बळ आहे. आवृत्तीबदलातील जोखीमही इथेच दडलेली आहे, कारण प्रत्येक कंपोनंट आपल्यासोबत इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअर-संचांची वरात घेऊन येतो.

तीन आकड्यांचा अर्थ

कॅमलची आवृत्ती तीन आकड्यांनी ओळखली जाते. ४.१०.२ यात ४ ही मुख्य आवृत्ती, १० ही किरकोळ आवृत्ती आणि २ ही दुरुस्ती. सॉफ्टवेअरच्या जगात रूढ असलेल्या संकेतानुसार मधला आकडा बदलला तर नव्या सोयींची भर पडावी, पण जुने काही मोडू नये. कॅमल हा संकेत काटेकोरपणे पाळत नाही. तिथे मधला आकडा बदलतानाही एखाद्या पर्यायाचे नाव बदलू शकते, गृहीत मूल्य बदलू शकते किंवा आधी ‘कालबाह्य’ म्हणून घोषित केलेला कंपोनंट काढून टाकला जाऊ शकतो. हे बदल लपवले जात नाहीत. प्रत्येक किरकोळ आवृत्तीसोबत अपग्रेड मार्गदर्शिका प्रसिद्ध होते आणि तीत ते नोंदवलेले असतात. प्रश्न ती वाचण्याचा असतो.

दुसरी बाब आधाराच्या मुदतीची. काही निवडक किरकोळ आवृत्त्यांनाच दीर्घकालीन आधार मिळतो. ३.१४, ३.१८, ३.२०, ३.२१ आणि ३.२२ तसेच ४.०, ४.४, ४.८, ४.१० आणि ४.१४ या त्या पंक्तीतल्या. मधल्या आवृत्त्या नव्या सोयी लवकर हाती देतात. पण पुढची आवृत्ती आली की त्यांची डागडुजी थांबते. बिलांसारखे रोजचे काम ज्यावर चालते, त्या प्रणालीने दीर्घकालीन आधार असलेल्या आवृत्त्यांवरच मुक्काम करावा, हे उत्तम.

३.१४ ते ३.२२ : एक बोलके उदाहरण

केवळ आकडे पाहिले तर ३.१४ वरून ३.२२ वर जाणे हा किरकोळ आवृत्तीबदल आहे. प्रत्यक्षात वाटेत ३.१५ लागते आणि या आवृत्तीने जावा ८ चा आधार काढून घेतला. तिथून पुढे किमान जावा ११ आवश्यक झाले. मधल्या आकड्यातील एका अंकाच्या फरकाने खालचा पायाच बदलला.

जावा ११ चे स्वतःचे परिणाम आहेत. एक्सएमएल मजकुराचे जावातील वस्तूंमध्ये रूपांतर करणारा ‘जॅक्सबी’ हा संच जावा ८ मध्ये अंगभूत होता, तो जावा ११ मधून वगळण्यात आला. बँकेशी किंवा जुन्या हिशेब-सॉफ्टवेअरशी एक्सएमएलमध्ये देवाणघेवाण करणाऱ्या प्रणालीत तो संच वेगळा जोडावा लागतो. न जोडल्यास रूपांतराची पायरी कोसळते. अर्थात, ३.२२ वर जाण्याच्या अंदाजपत्रकात कॅमलबरोबर जावा, सर्व्हर आणि त्यावरील इतर प्रणालींच्या तपासणीचाही वेळ धरावा लागतो.

मार्च २०२५ चा इशारा

‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ हा युक्तिवाद कार्यालयोकार्यालयी ऐकू येतो. त्याचे उत्तर मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका सुरक्षा-त्रुटीने दिले. सीव्हीई-२०२५-२७६३६ या क्रमांकाने ती नोंदवली गेली.

कॅमलमध्ये प्रत्येक संदेशासोबत ‘हेडर’ नावाच्या चिठ्ठ्या फिरतात. ‘कॅमल’ या शब्दाने सुरू होणाऱ्या चिठ्ठ्या आतल्या कारभारासाठी राखीव असतात. बाहेरून आलेल्या विनंतीतील तशा चिठ्ठ्या दारातच गाळल्या जाणे अपेक्षित असते. मात्र ही गाळणी इंग्रजी अक्षरांच्या ठरावीक लहान-मोठ्या रूपांनाच ओळखत होती. अक्षरांची सरमिसळ करून लिहिलेले तेच नाव तिच्यातून निसटत असे. अशी चिठ्ठी धाडून, काही विशिष्ट रचना असलेल्या प्रणालींत, लेखकाच्या मनात नसलेली आज्ञा चालवून घेणे शक्य होत होते. इंटरनेटला थेट जोडलेल्या प्रणालींना याचा धोका अधिक.

दुरुस्ती ४.१०.२, ४.८.५ आणि ३.२२.४ या तीन आवृत्त्यांत आली. बाधित आवृत्त्यांची यादी मात्र ३.१० पासून सुरू होत होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. जावा ८ वर, कॅमल ३.१४ सह निवांत बसलेल्या प्रणालीसाठी त्याच मालिकेत दुरुस्ती आली नाही. तिला ३.२२ गाठणे भाग होते आणि तिथे पोहोचण्यासाठी आधी जावा बदलणे ओघाने आले. संशयास्पद हेडर रूटमध्येच काढून टाकण्याचा तात्पुरता उपाय उपलब्ध होता, पण तो तात्पुरताच. वर्षानुवर्षे टाळलेले आठ आवृत्त्यांचे काम अशा वेळी आठवड्याभरात उरकावे लागते आणि चुका घडतात त्या अशाच घाईत.

बदल कुठे लपतात?

आवृत्ती बदलल्यावर प्रोग्रॅमचे संकलन झालेच नाही, तर ते एका परीने भाग्याचे. दोष लगेच दिसतो. अवघड असतात ते मूक बदल. कॅमलच्या पाठोपाठ त्यातील जेसन मजकूर हाताळणारा संच बदलतो आणि दिनांक लिहिण्याची किंवा दशांश आकडे मांडण्याची रीत बदलण्याची शक्यता निर्माण होते. ई-इन्व्हॉइस पोर्टलला दिनांक दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने लागतो. वर्षापासून सुरू होणारा दिनांक गेला तर बिल परत येते आणि ट्रक फाटकावर थांबतो.

संदेश दुसऱ्यांदा आला तर ओळखून अडवणारी सोय कॅमलमध्ये आहे. त्यासाठी झालेल्या कामाची यादी साठवली जाते. आवृत्ती बदलताना ती यादी हरवली किंवा ओळखचिन्ह तयार करण्याची पद्धत बदलली, तर जुनी बिले पुन्हा पोर्टलकडे धाव घेतात. पोर्टल एकच बिल दोनदा नोंदवत नाही, ते ‘दुहेरी नोंद’ म्हणून नाकारते. पण बँकेकडे गेलेल्या देयक-सूचनेच्या बाबतीत समोरच्या टोकाला असा पहारेकरी असेलच, याची खात्री बाळगता येत नाही.

प्रणालीबाहेरील जग बदलते, तेही लक्षात घ्यावे लागते. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे केंद्रशासित प्रदेश एकत्र आले. त्यानंतर जीएसटीतील दमण-दीवचा २५ हा संकेतांक मागे पडला आणि दोन्ही भागांसाठी २६ हा संकेतांक राहिला. जुन्या बिलांवर मात्र २५ कायम आहे. चाचणीसाठी निवडलेल्या नमुन्यांत अशी जुनी कागदपत्रेही असावीत, ती याच कारणासाठी.

कामाचा क्रम

सर्वप्रथम यादी करावी. किती रूट आहेत, कोणते कंपोनंट वापरात आहेत, जावा व स्प्रिंग बूट यांची आवृत्ती कोणती, स्वतः लिहिलेले कंपोनंट किती, हे एका कागदावर यावे. कॅमल आणि स्प्रिंग बूट यांची जोडी जुळावी लागते, ४.८ ची सांगड स्प्रिंग बूट ३.३ शी, तर ४.१० ची ३.४ शी आहे.

त्यानंतर सध्याच्याच मालिकेतील शेवटच्या दुरुस्तीवर यावे आणि ‘कालबाह्य’ अशा जितक्या सूचना दिसतात तितक्या निकाली काढाव्यात. आज दिसणारी सूचना ही उद्या काढल्या जाणाऱ्या भागाची आगाऊ नोटीस असते.

मग मार्गदर्शिका क्रमाने वाचाव्यात. ४.४ वरून ४.१० वर जायचे असेल तर ४.५ पासून ४.१० पर्यंतच्या सहाही नोंदी वाचाव्या लागतात. उडी एकदम मारता येते. वाचन मात्र पायरीपायरीनेच. मोठ्या प्रणालीने ४.८ वर थांबून चाचणी करावी आणि मगच पुढे जावे.

आवृत्तीचा आकडा एकाच ठिकाणी, कॅमलने पुरवलेल्या एकत्रित सूचीतून बदलावा. एक कंपोनंट जुना आणि दुसरा नवा अशी खिचडी हे गूढ बिघाडांचे नेहमीचे कारण असते. मेवनमध्ये अवलंबनांचा वृक्ष छापून ती शोधता येते. रूटमधील पत्ते आणि पर्याय तपासणारे कॅमलचे स्वतःचे मेवन प्लगइन आहे. नाव बदललेला पर्याय ते प्रणाली चालू करण्याआधीच दाखवते. ओपनरीराइट या साधनाच्या आधारे नावांतील काही बदल आपोआपही करता येतात. वागणुकीतील बदल मात्र यंत्राला कळत नाहीत, ते चाचणीतच उघड होतात.

सर्वांत मोलाची चाचणी साधी आहे. एका पूर्ण दिवसाची कागदपत्रे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांतून काढावीत आणि निष्पन्न मजकूर अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. त्या वेळी खऱ्या पोर्टलऐवजी त्याच्या चाचणी-आवृत्तीशी किंवा नकली टोकाशी जोडणी ठेवावी. रद्द केलेले बिल, निर्यात बिल, परत आलेला माल, शून्य कराची नोंद आणि मराठी किंवा गुजराती अक्षरे असलेला पत्ता हे नमुने त्यात हवेतच.

वेळ आणि माघार

मासिक जीएसटीआर-१ विवरणपत्राची मुदत ११ तारखेला आणि ३-बी ची २० तारखेला असते. महिनाअखेरीस माल पाठवण्याची लगबग असते. हे दिवस टाळून कमी गर्दीची वेळ निवडावी. संदेशरांगा रिकाम्या झाल्याची खात्री करूनच जुनी प्रणाली थांबवावी. जुना संच, त्याची जुळवणी आणि जुने जावा लगेच पुसू नये; किती मिनिटांत माघार घेता येते, याची रंगीत तालीम आधीच झालेली असावी. नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचना बदलली असेल तर माघारीचा रस्ता वेगळा आखावा लागतो.

१ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी आणि त्याहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकांना बिल काढल्यापासून तीस दिवसांच्या आत ते पोर्टलवर नोंदवावे लागते. त्यामुळे बदलानंतर अडकून पडलेल्या संदेशांची यादी रोज पाहणे गरजेचे ठरते. कोपऱ्यात पडून राहिलेले एखादे बिल महिन्याने सापडले, तर पोर्टलचे दार बंद झालेले असते.

मालकाने विचारावयाचे प्रश्न

राखोलीतील असो वा वेर्णातील, लहान कारखान्याकडे स्वतःचा संगणक विभाग क्वचितच असतो. काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवलेले असते. अशा वेळी मालकाने तांत्रिक तपशिलात न शिरताही चार प्रश्न विचारावेत. आपण सध्या कॅमल आणि जावाच्या कोणत्या आवृत्तीवर आहोत? त्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्ती अजून मिळते का? मागील आवृत्तीबदलात जुन्या-नव्या निष्पन्न मजकुराची तुलना झाली होती का? बिघाड झाला तर जुन्या आवृत्तीवर परतायला किती वेळ लागेल?

चारही उत्तरे लेखी मिळाली, तर पुढचा आवृत्तीबदल नियोजित कामांच्या यादीत जातो. दर वर्षी एका दीर्घकालीन आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरता येतो. सुरक्षेचा इशारा आल्यावर अनेक वर्षांचे अंतर एका दमात कापण्याचा खर्च मात्र आधी सांगता येत नाही, आणि तो बहुधा ट्रक फाटकावर उभे असतानाच समोर येतो.