वर्गणीने घडवलेले लेखक

१/ महालक्ष्मीचे विवळवेढे ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्या परिसरातील वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. त्याची कथा मराठी वाचकांपुढे ठळकपणे आली ती १९७० साली, लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथातून. सोसणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशीच तेव्हाची बहुतांशी रीत होती.

२/ सोसणाऱ्याने स्वतः लिहिले, तरी ते छापणार कोण? अपरिचित लेखकाचे पुस्तक म्हणजे प्रकाशकाला जोखीम.

३/ १९७०च्या दशकात मुंबईत दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर आदींनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभारली. वाचकांनी सभासद व्हायचे, वर्गणी आधी भरायची आणि पुस्तके सवलतीत घ्यायची. त्यामुळे पुस्तक निघण्यापूर्वीच त्याला वाचक लाभत असे.

४/ या बळावर १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. त्यापाठोपाठ १९८० साली कैकाडी समाजातील तरुण लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले; पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

५/ १९९४ साली तमाशातील नर्तिकेचा मुलगा, डॉ. किशोर शांताबाई काळे, ‘कोल्हाट्याचं पोर’ घेऊन याच वाटेने आला. आईचे नाव त्याने स्वतःच्या नावात अभिमानाने मिरवले. सोसणारा आणि लिहिणारा आता एकच होता. त्याच्या पाठीशी आगाऊ वर्गणी भरणारा वाचक उभा होता.