ल्युटीन आणि उतारवयातील स्मरणशक्ती

ल्युटीन : पालेभाज्या, पिवळा मका व अंड्याचा बलक यांतील पिवळे रंगद्रव्य. ते कॅरोटिनॉइडांच्या झँथोफिल गटात मोडते. हिरव्या पानात ते हरितद्रव्याखाली झाकलेले असते. मेथीची जुडी दोन-तीन दिवस तशीच पडली की पाने पिवळी दिसू लागतात, कारण हरितद्रव्य नासते आणि ही पिवळी द्रव्ये उघडी पडतात. गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते, ल्युटीनपासून बनत नाही. ल्युटीन शरीरात तयारही होत नाही. जेवणातूनच यावे लागते. ते मेदात विरघळते, म्हणून तेलाच्या फोडणीतली भाजी इथे नुसत्या कच्च्या पानांपेक्षा सरस. कॅप्सुलांसाठी ल्युटीन झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात.

डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूला पिवळेपणा येतो तो ल्युटीन व त्याच्या जवळच्या झियाझँथिनमुळे. मेंदूतही ल्युटीन साठते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात शतायुषी व्यक्तींच्या मेंदूच्या ऊती मरणोत्तर तपासल्या, तेव्हा तिथल्या कॅरोटिनॉइडांत ल्युटीन ठळकपणे आढळले. जिवंत माणसाचा मेंदू असा तपासता येत नाही. म्हणून पीतबिंदूतील रंगद्रव्याची घनता मोजून मेंदूतील ल्युटीनचा अंदाज बांधतात. या मोजणीत समोरच्या ठिपक्यात निळा व हिरवा प्रकाश आलटून पालटून लुकलुकतो आणि लुकलुक थांबेपर्यंत ज्येष्ठ व्यक्तीने खुंटी फिरवायची. पिवळे द्रव्य निळा प्रकाश शोषते; ते जितके दाट, तितका निळा प्रकाश जास्त लागतो.

ल्युटीन व स्मरणशक्ती यांच्या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा शिकागोचा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 58 ते 99 वयाच्या 960 जणांचा सरासरी 4.7 वर्षे मागोवा घेतला गेला. पालेभाजी सर्वाधिक, म्हणजे रोज साधारण सव्वा वाढप खाणाऱ्यांची आकलनशक्ती इतक्या संथपणे घटली, की सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत ते जणू 11 वर्षांनी तरुण होते. मात्र हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. भाजी निवडून खाणारा माणूस इतर बाबतींतही जपून राहत असावा, ही शंका आकडेमोडीने पूर्ण फिटत नाही. शिवाय पानात ल्युटीन एकटे नसते. फोलेट, नायट्रेट आणि के जीवनसत्त्वही असते.

प्रयोगाने मात्र निराशा केली. पीतबिंदूच्या विकारावरील ‘एरेड्स-2’ चाचणीत ज्येष्ठांना रोज 10 मिलिग्रॅम ल्युटीन व 2 मिलिग्रॅम झियाझँथिन पाच वर्षे दिले गेले. 2015 च्या निष्कर्षांनुसार आकलनशक्तीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. हे सहभागी मुळात बऱ्यापैकी सुपोषित होते, हे खरे. तरी कॅप्सूल म्हणजे भाजी नव्हे, एवढे यातून मानायला हरकत नाही.

भाजी खातानाही एक सावधगिरी हवी : वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या वृद्धांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. तिच्यातील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. प्रमाण रोज साधारण सारखे ठेवून डॉक्टरांना कळवावे.