आमची मुले, आमची बोली आणि विद्यापीठीय संशोधन

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याकडे निघालेल्या आमच्या ज्ञातिबांधवांस घारापुरीच्या पलीकडे, उत्तरेस, ट्रॉम्बेची टेकडी दिसते. त्या टेकडीच्या मागील अंगास मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही संस्था आहे. टेकडी आमच्या रोजच्या दृष्टीस पडते. परंतु तिच्या आडोशास चालणाऱ्या या कार्याची माहिती आमच्यापैकी थोड्यांनाच असेल. आमच्या मुलांच्या शिक्षणाशी त्या कार्याचा फार निकटचा संबंध असल्यामुळे त्याची हकीकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विद्यापीठाचे लक्ष कोळी समाजाकडे गेले ते प्रथम समाजशास्त्राच्या मार्गाने. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. घुर्ये यांचा डोंगरातील महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ साली, तर डॉ. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. समाजाच्या चालीरीतींची व जीवनक्रमाची नोंद त्यामुळे ग्रंथरूपाने राहिली. हे ऋण आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु कोळ्याचे मूल शाळेत मागे का पडते, हा त्या ग्रंथांचा मुख्य विषय नव्हता.

असल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पैसा लागतो व वर्षेही लागतात. १९६४ ते १९६६ या काळात कार्य केलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असे सुचविले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. शैक्षणिक संशोधनासाठी त्यांनी १९४८ सालीच मुंबईस भारतीय शिक्षण संस्था काढली होती. पुढे १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष व नाईक तिचे पहिले सदस्य-सचिव झाले. संशोधकाने प्रश्न मांडावा, त्यास अनुदान मिळावे आणि त्याने निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत, ही वाट अशा रीतीने रुळली.

याच काळात, १९७४ साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने होमी भाभा केंद्र सुरू केले. त्याचा आरंभ नाना चौकातील महानगरपालिकेच्या एका शाळेच्या इमारतीत झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पदार्थविज्ञानाचे संशोधक डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी त्याची धुरा वाहिली. जळगाव जिल्ह्यातील खिरोदे परिसरातील ग्रामीण शाळांत, तसेच मुंबईच्या पालिका शाळांत, या मंडळींनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. मुलांना विज्ञान कठीण जाते की विज्ञान ज्या भाषेत सांगितले जाते ती भाषा कठीण जाते, हे त्यांनी तपासून पाहिले. पाठातील विषय तसाच ठेवून केवळ भाषा सोपी केली असता मुलांची समज स्पष्टपणे वाढते, असे आढळून आले. १९८० नंतर पालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या निवडक विद्यार्थ्यांना दहावीपर्यंत मार्गदर्शन देण्याचा प्रयोग झाला. त्यावरूनही हेच सिद्ध झाले की बुद्धीची उणीव नव्हती, उणीव संधीची होती.

मातृभाषेतून शिकणे मुलास हितकर, असे मत युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच दिले होते. परंतु मोरा येथील कोळीवाड्यातील मुलाची घरची मराठी व पुस्तकातील मराठी यांतही अंतर आहेच. ते 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणते, 'डोळा' न म्हणता 'डोला' म्हणते. वर्गात हशा पिकतो आणि मूल पुढे तोंड उघडीनासे होते. याच मुलास उधाण कोणत्या तिथीस येते, भांग केव्हा लागतो आणि भांगाच्या दिवसांत ओढ मंदावल्यामुळे डोलीच्या जाळ्यात मासळी का कमी पडते, हे आजोबांकडून ठाऊक असते. भूगोलाच्या पुस्तकातही 'उधाणाची भरती' व 'भांगाची भरती' हेच शब्द आहेत. दर्यावर वावरणाऱ्यांच्या तोंडचे शब्द शास्त्राने स्वीकारले आहेत. मात्र तो पाठ आपल्या घरचाच आहे, हे त्या मुलास कोणी सांगत नाही.

येथे दोष केवळ शाळेस देऊन भागणार नाही. मुलांनी 'शुद्ध' बोलावे म्हणून आम्ही वडीलधाऱ्यांनीही त्यांना चारचौघांत टोकले आहे. घरची बोली लाजिरवाणी आहे, हा धडा त्यांना प्रथम आम्हीच दिला. प्रमाण भाषा मुलांस आलीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ती बोलीच्या खांद्यावर बसून यावी, बोलीस खाली पाडून नव्हे.

१९८९ साली न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाल्यापासून या खाडीचे रूप पालटले व परंपरागत मासेमारीस जागा अपुरी पडू लागली. होडी व जाळे हाच वारसा मुलांस पुरेल, असे आज कोणी म्हणणार नाही. म्हणून शाळेतून गळणाऱ्या प्रत्येक मुलाची हानी पूर्वीपेक्षा मोठी आहे.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती अशी: कोणी संशोधक गावात आला तर त्यास दार बंद करू नये, मात्र अभ्यास कशासाठी, पैसा कोणाचा आणि निष्कर्ष आम्हांस मराठीत वाचावयास मिळणार काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तसेच घरोघरच्या वृद्धांकडून दर्याचे, वाऱ्याचे, मासळीचे शब्द लिहून घेऊन ती वही गावच्या शिक्षकांच्या हाती द्यावी. या कामास कोणाच्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांना हे शब्द ठाऊक आहेत ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत, एवढे स्मरण ठेवून येत्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यास लागल्या असताना, या कामास आरंभ व्हावा, हीच आमची इच्छा आहे.