रुळाकाठची वस्ती आणि नावांची यादी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप समितीकडून आला, तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. आम्हा जोगेश्वरीकरांचे आयुष्य रुळाच्या आवाजातच गेले. वंदना चालू असताना लोकल गेली की आवाज थोडा चढवायचा, ही सवय लहानपणापासूनची. आणि रविवारी विहाराच्या ओट्यावर चार माणसे बसली की एक प्रश्न हटकून निघतो : रेल्वेची एवढी जागा पडून असते, मग गरिबाला तिथे घर का मिळत नाही?

त्यासाठी जरा मागे जावे लागेल. शेजारच्या अंधेरीहून एके काळी ट्रॉम्बेला रेल्वे जात होती, हे आजच्या पोरांना सांगितले तर हसतात. कोळे कल्याण, कुर्ला, चेंबूर असा सुमारे १३ किलोमीटरचा तो मार्ग १९२८ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंदही पडला. सहा वर्षांचा संसार! मार्गाचा काही भाग पुढे विमानतळाने गिळला, बाकीचा रस्त्यांत आणि वस्त्यांत विरून गेला. (अंधेरीहून पूर्वेला पुन्हा गाडी धावली ती २०१४ साली, मेट्रोची.) त्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर घर कुणाला द्यायचे, हे बेघरांना कुणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विचारणार तरी कुणाला? त्यांची यादीच नव्हती.

पुढे पोटापाण्यासाठी गावाकडून माणसे येत राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर तर रीघ लागली. चाळीची पागडी परवडेना, मग रुळाच्या कडेला बांबू आणि पत्रे उभे राहिले. पोरगे घराबाहेर पडले की आईचा जीव टांगणीला. रुळाला इतकी खेटून वस्ती असे की तिथून जाताना गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत खाली आणावा लागे. म्हणजे आतला प्रवासी वैतागलेला, बाहेरचा रहिवासी भेदरलेला.

१९८८ साली एक वेगळी गोष्ट घडली. रुळाकाठच्या लोकांनी स्वतःचीच मोजणी केली. 'स्पार्क' ही संस्था, जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि 'महिला मिलन'च्या बाया यांनी झोपडीन् झोपडी नोंदली. सुमारे १८ हजार कुटुंबे भरली. त्यातूनच रेल्वे झोपडपट्टीवासीयांची संघटना उभी राहिली. १९८९ साली मानखुर्द-वाशी मार्गाच्या कामासाठी १८१ कुटुंबे हलवायची होती, त्यांनी मानखुर्दला स्वतः पुढाकार घेऊन घरे बांधली. पुढे कुर्ला-ठाणे पाचव्या-सहाव्या मार्गासाठी सुमारे ९०० कुटुंबे कांजूरमार्गला गेली, आधी तात्पुरत्या घरांत. बायांनी रोजचे एक-दोन रुपये बाजूला टाकून बचत केली. हिशेब ठेवणाऱ्या कितीतरी जणींना सहीसुद्धा येत नव्हती; डोक्यात मात्र सगळे पक्के.

सगळे सुरळीत झाले असे नव्हे. २००० साली हार्बर मार्गावर दोन हजारांवर झोपड्या पाडल्या गेल्या. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पाडकाम थांबले. २००२ साली जागतिक बँकेच्या कर्जाने मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला आणि २२५ चौरस फुटांचे घर हा बाधितांचा हक्क ठरला. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका, आपल्या पूर्वेकडचे मजास, अशा वसाहती उभ्या राहिल्या. डोक्यावर पक्के छप्पर आले, संडास घरात आला. ही लहान गोष्ट नाही. पण घरकाम करणाऱ्या बाईची चार घरे जुन्या वस्तीजवळच राहिली आणि तिचा पगार तिकिटात जाऊ लागला. लिफ्टचे बिल कोण भरणार, यावरून भांडणे. इमारतींत अंतर इतके कमी की खालच्या मजल्यावर दुपारी दिवा लावावा लागतो. घर देणे आणि वस्ती वसवणे यात फरक आहे, असे आम्हाला वाटते ते यामुळे.

आता धारावीच्या पुनर्विकासात रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन घरांसाठी घेतली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिथे घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. १ जानेवारी २००० ही तारीख पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. त्या तारखेच्या आधीचा पुरावा तळमजल्यावरच्या कुटुंबाकडे असेल तर धारावीतच मोफत घर. नंतर आलेल्यांचे आणि माळ्यावर राहणाऱ्यांचे नियम वेगळे, घरही धारावीबाहेर. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पात्र आणि अपात्र.

आमच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत १९७६ च्या झोपडपट्टी गणनेचा फोटोपास आहे. फोटोत वडील, आई, कडेवर थोरली बहीण. कडा वाळवीने खाल्ल्या, पण नंबर वाचता येतो. तो पाहिल्यावर ओट्यावरच्या मंडळींनी ठरवले आहे, की येत्या पौर्णिमेला ज्याने त्याने आपापली पेटी उघडायची आणि कागदांची एकेक झेरॉक्स विहाराच्या कपाटात ठेवायची.