मेंदू-संगणक अक्षरफलक

मेंदूतील विद्युत् स्पंदांच्या साहाय्याने, स्नायूंचा वापर न करता, अक्षरे निवडून संदेश लिहिण्यासाठी पडद्यावर केलेली अक्षरांची मांडणी. शरीर लुळे पडले असले, तरी बुद्धी शाबूत असलेल्या रुग्णांना संवादाचे साधन मिळवून देणे, हा तिचा मुख्य हेतू होय.

मानवी मस्तिष्कालेखनाचा पहिला वृत्तांत जर्मन मानसोपचारतज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. अनिश्चित उद्दीपकानंतर सु. ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत धन तरंग उमटतो, असे सॅम्युएल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखविले. त्यास पुढे पी-३०० हे नाव मिळाले. त्याच्या आधारे लॉरेन्स फार्वेल व एमॅन्युएल डॉन्चिन यांनी १९८८ मध्ये पहिला अक्षरफलक वर्णिला. त्यात सहा ओळी व सहा स्तंभ मिळून ३६ घरे होती. ओळी व स्तंभ यादृच्छिक क्रमाने उजळत आणि व्यक्ती इष्ट अक्षर किती वेळा उजळले, हे मनात मोजी. ज्या ओळीस व स्तंभास तरंग उमटे, त्यांच्या छेदावरील अक्षर निवडले जाई. तरंग क्षीण असल्याने उजळणी अनेकदा करावी लागे. त्यामुळे मिनिटास सु. २.३ अक्षरेच लिहिता येत.

या रचनेत शेजारची घरे उजळल्याने लक्ष विचलित होई व चुका बहुधा त्याच ओळीत किंवा स्तंभात घडत. त्यावर उपाय म्हणून २०१० मध्ये ७२ घरांची बुद्धिबळपटासारखी योजना पुढे आली. तीत लगतची घरे एकाच वेळी उजळत नाहीत. २०११ मध्ये अक्षरांवर प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे क्षणभर झळकविल्यास अचूकता वाढते, असे आढळले. चीनमधील त्सिंग्हुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ४० घरे निरनिराळ्या वारंवारतांनी लुकलुकवून मिनिटास ६० अक्षरांपर्यंत वेग गाठला.

तथापि दृष्टी अक्षरावर न रोखता केवळ मनाने लक्ष दिल्यास पी-३०० फलकाची अचूकता बरीच घटते, असे २०१० मधील प्रयोगांतून दिसून आले. म्हणजे ज्यांचे डोळेही हलत नाहीत, त्या सर्वाधिक गरजू रुग्णांना या फलकांचा लाभ सर्वांत कमी होतो. बर्लिन येथील षट्कोनी रचनेत प्रथम अक्षरगट व नंतर अक्षर अशी दोन टप्प्यांत निवड करता येते. ही अडचण तीमुळे काहीशी कमी झाली. देवनागरीत स्वरचिन्हे व जोडाक्षरे असल्याने घरांची किंवा टप्प्यांची संख्या वाढते, हा भारतीय भाषांपुढील स्वतंत्र प्रश्न आहे.