उकड, पारी आणि चीक : ग्लूटेनविरहित डम्पलिंगचा सदाशिव पेठी पूर्वेतिहास

प्रास्ताविक

गहू वर्ज्य असलेल्या व्यक्तीसाठी चिनी पद्धतीचे डम्पलिंग घरी कसे करावे, हा प्रश्न वरवर पाहता पाककृतीच्या पुस्तकातला वाटतो. बाजारातील मोमो किंवा डम्पलिंग यांची पारी बहुधा मैद्याची असते. गव्हातील ग्लूटेन ज्यांना सोसत नाही त्यांना हा पदार्थ घरीच करावा लागतो, आणि तांदळाच्या पिठाची पारी लाटू वा वळू गेल्यास ती फाटते. ही अडचण नवी असल्याचा समज आहे. वस्तुतः सारण भरून, चुण्या घालून, वाफेवर शिजवावयाची ग्लूटेनविरहित पारी पुण्याच्या सदाशिव पेठेतील स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तिचे नाव उकडीचा मोदक. प्रस्तुत लेखात या पारीच्या तंत्राचा इतिहास पाहावयाचा आहे. तांदळातील उणिवेवर शोधलेले हे तंत्र कोठून आले, ते कोणी जपले आणि आजच्या वैद्यकीय गरजेला ते कितपत पुरे पडते, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

देशावरील पेठ, कोकणातील पदार्थ

पुणे हे मावळच्या भातखाचरांना लागून असले तरी जिल्ह्याचा मोठा भाग ज्वारी-बाजरीचा आहे. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या पुणे खंडांतही हीच दोन धान्ये प्रमुख म्हणून नोंदलेली आहेत. अशा प्रदेशातील एका पेठेची ओळख तांदूळ आणि ओला नारळ या दोन कोकणी वस्तूंच्या पक्वान्नाशी जोडली जावी, याचे कारण स्थलांतरात आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट यांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. त्यानंतर कोकणातील अनेक कुटुंबे घाट चढून पुण्यास आली. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावाने ओळखली जाणारी सदाशिव पेठ हे त्यांच्या वस्तीचे एक प्रमुख ठिकाण ठरले. या कुटुंबांनी आपली दैवते, आपली बोली आणि आपली उकडही बरोबर आणली.

देशावर मोदक नव्हता असे मात्र नव्हे. येथील मोदक कणकेचा, सुक्या खोबऱ्याचे सारण भरून तुपातेलात तळलेला. कोकणातील मोदक तांदळाच्या पिठीचा, ओल्या नारळाचा आणि वाफवलेला. हा भेद केवळ रुचीचा नाही. जेथे गहू पिकतो तेथे लाटता येणारी पारी सहज साधते. जेथे भात पिकतो आणि पाणी-जळण हाताशी असते तेथे उकड काढली जाते. १८६३ मध्ये बोरघाटातील रेल्वेमार्ग खुला झाल्यावर मुंबईचा समुद्रकिनारा पुण्याशी लोहमार्गाने जोडला गेला आणि नारळासारखी नाशवंत वस्तू देशावर आणणे सुकर झाले. १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. आज पुण्यात उकडीचा मोदक हाच जणू एकमेव मोदक मानला जातो, त्यामागे या दोन्ही घटनांचा वाटा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

तांदळाच्या पारीची प्राचीनता याहून मोठी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तांदळाच्या पिठाच्या, आत वेलदोडा-कापूर घातलेले गोड सारण असलेल्या मोदकांचे वर्णन आहे. त्यांना ‘वर्षोपलगोलक’ म्हणजे गारांसारखे गोळे म्हटले आहे. गारेची उपमा शुभ्र आणि गुळगुळीत अशा पदार्थालाच शोभते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

उणिवेवरील उपाय : उकड

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता त्यातील ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून लवचीक जाळे तयार होते. हेच ग्लूटेन. बोलोन्या येथील बेक्कारी या विद्वानाने पीठ पाण्यात धुऊन हा चिकट अंश वेगळा केला आणि त्याचे निवेदन १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले. तांदळाच्या प्रथिनांत हा गुण नाही. म्हणून पिठी थंड पाण्यात भिजवली तर गोळा होतो, पण तो ताणला जात नाही.

उकडीचे तंत्र हा प्रश्न प्रथिनाऐवजी पिष्टाच्या बळावर सोडवते. वाटीभर पिठीला साधारण वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप वा लोणी हे प्रमाण घरोघरी चालत आले आहे. पाण्याला उकळी फुटल्यावर पिठी एकदम वैरायची, ढवळून झाकण ठेवायचे आणि एक वाफ आणायची. साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस तापमानाला तांदळातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. हा चिकटपणाच पारीला धरून ठेवतो. उकड गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळावयाची, कारण ती निवली की पिष्टाची रचना पुन्हा घट्ट होऊ लागते आणि पारीला चिरा पडतात. उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवण्याची रीत याच कारणाने पडली आहे. मोदक पाण्यात बुडवून केळीच्या वा हळदीच्या पानावर ठेवण्यामागेही पारीचा पृष्ठभाग कोरडा पडू नये हाच हेतू आहे. पिष्टाचे रसायन ठाऊक नसताना हे सर्व नियम निरीक्षणातून सिद्ध झालेले होते.

चीनमधील समांतर वाट

चीनमध्येही असाच भूगोल आढळतो. उत्तरेत गहू पिकतो आणि तेथील ‘जियाओझी’ ही कणकेच्या पारीची असते. तुर्फानजवळील आस्ताना येथील थांग काळातील थडग्यांत अशी डम्पलिंग वाळलेल्या स्थितीत सापडली आहेत. दक्षिणेतील भाताच्या प्रदेशात तांदळाच्या पिठाचे ‘थांगयुआन’ हे गोळे केले जातात. कँटनकडील ‘हार गाव’ या कोळंबीच्या डम्पलिंगची अर्धपारदर्शक पारी तर गव्हातील ग्लूटेन धुऊन काढल्यावर उरणाऱ्या पिष्टाची असते. त्यात टॅपिओकाचे पिष्ट मिसळतात आणि ते उकळत्या पाण्यातच भिजवतात. म्हणजे हीही एक प्रकारची उकडच होय.

गव्हाचे असे धुतलेले पिष्ट मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढला जातो तो हाच पदार्थ. टॅपिओका म्हणजे आपल्या उपासाचा साबुदाणा. तेव्हा कँटनच्या पारीचे दोन्ही घटक सदाशिव पेठेतील फडताळात निरनिराळ्या कामांसाठी पूर्वीपासूनच होते. ते एकत्र आले नाहीत, इतकेच.

या दोन परंपरांचा प्रत्यक्ष संबंधही एका ठिकाणी आला. थांग काळात विनायकाच्या उपासनेचे तांत्रिक बौद्ध ग्रंथ चीनमध्ये भाषांतरित झाले आणि ती उपासना पुढे जपानला पोहोचली. तेथे ‘कांगितेन’ या गजमुख देवतेला ‘कांकिदान’ नावाचे पुरचुंडीसारखे पक्वान्न वाहतात. या नावाचा अर्थ आनंदाचा गोळा, म्हणजे अर्थाने मोदकच. क्योटो येथे ते आजही तिळाच्या तेलात तळून केले जाते. त्याच्या पारीत तांदळाबरोबर गव्हाचेही पीठ असते. मोदक चीनमार्गे दूरवर गेला, परंतु तेथे तो गव्हापासून मुक्त राहिला नाही.

ज्ञान कोणाचे, नोंद कोणाची

१९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू याच सदाशिव पेठेत आहे. तेथील आणि अन्यत्रच्या मराठी दप्तरांमुळे पेशवाईतील राजकारण, महसूल आणि देवस्थाने यांचा इतिहास लिहिता आला. शिधा किती लागला आणि त्याला खर्च काय आला, हे हिशेबाच्या कागदांतून कळू शकते. उकड मळताना ती ‘झाली’ हे हाताला कसे कळते, हे हिशेबाच्या कागदात येत नाही. ते ज्ञान सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे चुलीपाशी जात राहिले.

छापील ग्रंथांनी ही उणीव अंशतः भरून काढली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. ओगले यांनी वाटी-चमच्याचे माप रूढ केल्यामुळे माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्या पिढीला आधार मिळाला. तरीही पारीची कडा मध्यापेक्षा पातळ ठेवून अंगठा आणि दोन बोटांनी कळ्या पाडण्याचे कौशल्य पुस्तकातून पुरते येत नाही.

या परंपरेचे गौरवीकरण करताना तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नैवेद्याचे मोदक सोवळ्यात होत. पिठीचे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, घरच्या जात्यावर वेगळे दळले जात. या वेगळेपणाच्या मुळाशी जातीचे आणि स्त्रीच्या मासिक पाळीचे विटाळ होते. आज ग्लूटेन टाळण्यासाठी जी वेगळीक पाळावी लागते ती शरीराच्या गरजेतून येते. दोन्हींत भांडी वेगळी ठेवली जातात एवढ्या साम्यावरून सोवळ्याला विज्ञानाचे प्रमाणपत्र देणे इतिहासाला धरून होणार नाही.

वैद्यकीय गरज आणि परंपरेच्या मर्यादा

सीलिअॅक या विकाराचे आधुनिक वर्णन सॅम्युअल जी यांनी लंडनमध्ये १८८८ साली केले. त्याचे कारण मात्र दीर्घकाळ अज्ञात होते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाशी त्याचा संबंध दाखवून दिला आणि १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पडलेल्या दुष्काळातील अनुभवाने त्यांच्या निष्कर्षाला बळ मिळाले होते. २००८ च्या सुधारित कोडेक्स मानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसलेल्या पदार्थालाच ग्लूटेनविरहित म्हणता येते.

या निकषावर घरचा मोदक आपोआप उतरतो असे नाही. जाते गेले आणि पीठ गिरणीत दळून येऊ लागले. ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिच्यातून आलेल्या पिठीत गव्हाचा अंश मिसळतो. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्यांत मिरची-जिऱ्याबरोबर हिंग घातला जातो, आणि बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. पारंपरिक सोया सॉसही सोयाबीनबरोबर गहू आंबवूनच तयार होतो. गव्हाचा चीक धुतलेला असला तरी त्यात ग्लूटेनचा शेष राहतो. म्हणून हार गावची मूळ पारी आणि आपली कुरडई, दोन्ही सीलिअॅकच्या रुग्णाला वर्ज्यच होत.

तथापि उपाय परंपरेतच आहे. घरच्या मिक्सरमध्ये वा केवळ तांदळासाठी राखलेल्या चक्कीवर दळलेली पिठी घ्यावी. आंबेमोहर चालतो. आंबेमोहर व आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निर्माण झालेला इंद्रायणीही चालतो. तीन वाट्या पिठीला वाटीभर साबुदाण्याचे पीठ मिसळून, तेही घरीच दळून, उकड काढल्यास पारी अधिक ताणली जाते. कोबी, गाजर, पातीचा कांदा आणि आले बारीक चिरून, मीठ लावून घट्ट पिळून घ्यावे, कारण सारणाला पाणी सुटले की पारी फुटते. गहू नसलेला सोया सॉस वापरावा. मोदकाप्रमाणे कळ्या पाडाव्यात, अथवा करंजीप्रमाणे मुडपून दहा-बारा मिनिटे वाफवावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ग्लूटेनविरहित डम्पलिंग ही परक्या पदार्थाची दुबळी नक्कल नव्हे. भात पिकवणाऱ्या दोन दूरच्या समाजांनी एकाच उणिवेवर उकळत्या पाण्याने जो उपाय शोधला, त्याचा तो आजचा टप्पा आहे. स्थलांतराने हे तंत्र कोकणातून सदाशिव पेठेत आले आणि ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत अशा स्त्रियांच्या हातांनी ते टिकले. आज तयार पिठी आणि साचे सर्वत्र मिळतात, गोठवलेले मोदकही विकत आणता येतात. सोय वाढली, परंतु उकड ओळखणारा हात कमी होत चालला आहे. गहू वर्ज्य झालेल्या मुलाला इतरांबरोबर पंगतीत बसता यावे, यासाठी नेमका तोच हात लागतो. वृद्ध गृहिणींकडून या कौशल्याची मौखिक व चित्रित नोंद करून घेणे हे इतिहास, गृहशास्त्र आणि रसायनशास्त्र या विभागांना मिळून हाती घेता येण्याजोगे काम आहे. पुण्यातील महाविद्यालयांना त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.